उत्तर न येण्याचे तीन प्रकार

सोमवारी सकाळी साडेदहाला वाचनालयाच्या संगणक कक्षातल्या चौदाच्या चौदा मशीनवर एकच वाक्य येऊन बसलं होतं. ‘अपडेट होऊ शकलं नाही. नेटवर्क टाइमआउट.’

मी त्या कक्षाची प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, तर त्या खोलीत दुसरं कुणीच नाही. मशीनमधली ऑपरेटिंग सिस्टिम जुनी झाली होती. पुढच्या आठवड्यापासून तिला सुरक्षेची ठिगळंसुद्धा मिळणार नव्हती. त्यामुळे शुक्रवारपर्यंत नवी आवृत्ती चढवा, नाहीतर मशीन बंद ठेवा, असं वरून पत्र आलं होतं. पुस्तकांची देवघेव, सभासदांची यादी, सगळं त्याच मशीनवर. ग्रंथपालबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शुक्रवारी झालं नाही तर शनिवारपासून मी वहीवर पुस्तकं देईन. मला वही येते. तुझं तू बघ."

त्यांना निवृत्त व्हायला सात महिने उरले होते. त्यामुळे त्या कशालाच घाबरत नव्हत्या.

मी लाइन पुरवणाऱ्या कंपनीला फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, सगळीकडे एकाच वेळी अपडेट चाललेत, गर्दी आहे. थांबायची मुदत वाढवून बघा." मशीन उत्तरासाठी तीस सेकंद थांबत होतं, मी पाच मिनिटं केली. मग पाच मिनिटांनी तेच वाक्य आलं. म्हणजे रडगाणं तेच, फक्त सावकाश.

तारा बदलल्या. राउटर बंद करून चालू केला, जो आमच्या धंद्यातला रामबाण उपाय आहे. हिरवी पट्टी शून्यावर उभी राहायची आणि तिथेच मान टाकायची. संध्याकाळी वाचनालय बंद करताना ग्रंथपालबाईंनी कपाटातून कोऱ्या वह्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवलेला मी पाहिला.

मंगळवारी मी घरचा लॅपटॉप नेला आणि त्याच तारेला लावला. अपडेट सुरू झालं आणि पाहता पाहता चाळीस टक्क्यांवर गेलं. म्हणजे लाइन ठणठणीत होती. कक्षातल्या मशीनवर वर्तमानपत्रं उघडत होती, नकाशे उघडत होते. फक्त अपडेट म्हटलं की त्यांची दातखीळ बसत होती.

मग जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते मी शेवटी केलं. मशीन स्वतःशी जी नोंद लिहून ठेवतं ती उघडून ओळीओळीने वाचली. वाचलं आणि खुर्चीत मागे टेकले. अपडेटसाठी मशीन बाहेर कुणाला विचारतच नव्हतं. ते आमच्याच इमारतीतल्या एका पत्त्याला विचारत होतं. आकड्यांतला पत्ता, शेवटी सत्त्याहत्तर. तीनदा विचारलं होतं आणि तिन्ही वेळा काही नाही. हो आलं नव्हतं, नाहीही आलं नव्हतं.

आणि मला माझ्या आधी हा कक्ष सांभाळणारे थांबाकाका आठवले.

त्यांचं खरं नाव वाचनालयात फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. कुणी काही विचारायला आलं की ते आधी हाताचा पंजा वर करून "थांबा" म्हणायचे, मग चष्मा पुसायचे आणि मग ऐकायला लागायचे. बाहेरच्या रस्त्यावरच्या थांब्यापेक्षा आमचा आतला थांबा जास्त भरवशाचा, असं ग्रंथपालबाई म्हणायच्या. त्यांच्या तोंडावर नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या अंतरावरून. मी तिथे लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि काका पंचेचाळीसचे. संगणक कक्ष तेव्हा पुस्तकं बांधायच्या खोलीत होता. सहा मशीन, दोन पंखे, आणि भिंतींना कायमचा मुरलेला खळीचा वास.

तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं. मोडेम सुरू झाला की मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज व्हायचा आणि वाचनकक्षातले आजोबा एकदम वर बघायचे. एक अपडेट उतरायला दोन-दोन दिवस लागायचे, आणि अख्ख्या वाचनालयात फोन एकच. कुणी रिसीव्हर उचलला की खेळ खलास. म्हणून काकांनी फोनवर पुठ्ठ्याची पाटी लटकवली होती: ‘मशीन जेवत आहे. उचलू नये.’ एकदा दोन दिवसांचं अपडेट ऐंशी टक्क्यांवर आलं होतं आणि ग्रंथपालबाईंनी फोन उचलला. त्यांच्या मुलाला शाळेत ताप भरला होता. मोडेम किंचाळून गप्प झाला. मी डोक्याला हात लावला. काका बाईंना म्हणाले, "आधी रिक्षा बोलवा, मुलाला घेऊन या." मग येऊन खुर्चीत बसले आणि शून्यापासून पुन्हा सुरू केलं. पुढे त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

त्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, "टाइमआउट म्हणजे लाइन तुटली असंच ना?"

"थांब," ते म्हणाले. चष्मा पुसला. कपाटातून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "हे समोरच्या पाणीपुरवठा कार्यालयात दे. तिसरं टेबल. पोच घेतल्याशिवाय येऊ नकोस."

मी गेले. तिसऱ्या टेबलाची खुर्ची रिकामी होती, पण पाठीवर एक पिशवी अडकवलेली होती. म्हटलं, येतील एवढ्यात. बसले. भिंतीवरच्या पाइपांचे नकाशे पाठ झाले. दीड तासाने शिपाई म्हणाला, "कुणाची वाट बघताय? साहेब आठवडाभर रजेवर आहेत."

मी तणतणत परत आले. काका शांतपणे म्हणाले, "मला माहीत होतं. किती वेळ बसलीस?"

"दीड तास!"

"का बसलीस?"

"खुर्चीला पिशवी होती, म्हणून वाटलं…"

"मशीनलाही तसंच वाटतं. पत्ता लिहिलेला आहे म्हणजे तिथे कुणीतरी असणार. तू दीड तास बसलीस, ते तीस सेकंद बसतं. पण खुर्चीत माणूस नाही हे दोघांनाही बसून बसून कळलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा पाकीट दिलं. या वेळी पहिलं टेबल. तिथल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "हे आमच्याकडे येत नाही." मी दोन मिनिटांत परत.

"छान!" काका म्हणाले.

"छान काय? नाही म्हणाल्या त्या."

"नाही म्हणाल्या ना? म्हणजे तिथे माणूस आहे, जागा आहे, कान शाबूत आहेत. नकार हेही उत्तरच. त्याला टाइमआउट म्हणत नाहीत."

तिसऱ्या दिवशी मला त्याच कार्यालयाच्या जुन्या कागदांच्या खोलीत पाठवलं, आणि दहा मिनिटांच्या वर एक मिनिट थांबायचं नाही अशी ताकीद दिली. तिथले कारकून फार म्हातारे. "आणतो हं, बाळ," म्हणून ते मांडण्यांच्या गल्लीत शिरले ते शिरलेच. दहा मिनिटं झाली, मी उठले. रस्ता ओलांडून आमच्या खिडकीत आले आणि मागे वळून बघते तो ते समोरच्या दारात उभे. हातात कागद, आणि मी कुठे गेले म्हणून इकडेतिकडे बघताहेत. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी पळत जाऊन तो कागद घेऊन आले.

"हा दुसरा प्रकार," काका म्हणाले. "तो येत होता, तू उठलीस. इथे मुदत वाढवायची. पहिल्यात मुदत वाढवून काय होईल?"

"मी आणखी दीड तास बसेन."

"बरोब्बर."

"आणि तिसरा?"

"तिसऱ्यात पत्र पोचतं, उत्तरही निघतं, पण मध्येच कुठेतरी हरवतं. त्याच्या प्रयोगाला मला तुला रस्त्यात अडवून पाकीट फाडावं लागेल. ते नको, लोक काय म्हणतील."

आणि आता बावीस वर्षांनी, पंचेचाळीसाव्या वर्षी, कक्षप्रमुख वगैरे होऊन मी दोन दिवस रिकाम्या खुर्चीसमोर मुदत वाढवत बसले होते.

सत्त्याहत्तर नंबरचा पत्ता कुठे लिहिलाय ते शोधायला मी सेटिंगची फाइल उघडली. आम्ही मशीन तीनदा बदलली होती, पण ही फाइल दरवेळी जुन्यावरून नव्यावर जशीच्या तशी उतरवून घ्यायचो. कुणी वाचायचं नाही. आज वाचली. पत्त्याच्या वर, मशीन ज्या ओळी वाचत नाही अशा दोन ओळी होत्या. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत: ‘हे काढू नये. काढायचं असल्यास आधी मला फोन करणे.’ खाली घरचा नंबर.

तेव्हा मला सगळं एकदम उमगलं.

दोन महिन्यांपूर्वी वाचनालयात रंगकाम निघालं होतं. जिन्याखालची अडगळीची खोली रिकामी करायची होती. रंगाऱ्याने हाक मारून विचारलं होतं, "ताई, ही पेटी काय आहे?" मी दारातून डोकावले. धुळीने करडी झालेली पेटी. पडदा नाही, कीबोर्ड नाही, मागे दोन तारा. म्हटलं, "जुनं काहीतरी असेल. काढा." भंगाराच्या यादीवर सहीसुद्धा माझीच. रंगाऱ्याला आता मी फोन करून विचारलं. तो म्हणाला, "हो ताई, तीच. तार ओढेपर्यंत मागे हिरवा दिवा लुकलुकत होता. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

ती पेटी काकांनी अठरा वर्षांपूर्वी बसवली होती. टेलिफोनच्या तारेनंतर आम्हाला वेगळी लाइन मिळाली, पण ती इतकी बारीक, की सगळ्या मशीननी एकदम अपडेट मागितलं तर कुणालाच मिळायचं नाही. म्हणून मध्ये ही पेटी. मशीननी तिला मागायचं, तिने बाहेरून एकदाच आणायचं, एक प्रत जवळ ठेवायची आणि सगळ्यांना वाटायची. हे काकांनी मला तेव्हा सांगितलंही होतं. पण ती गोष्ट माझ्या डोक्यात जुन्या काळातली म्हणून कुठेतरी आत गेली होती. ती पेटी अजून कामावर येते आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

फाइलमधला नंबर लावला. ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही.’ निदान उत्तर तरी आलं.

खरं म्हणजे तो पत्ता पुसून टाकला असता तर काम तिथेच झालं असतं. मला ते कळत होतं. बोट त्या कळीवर ठेवलंही होतं. पण ‘आधी मला फोन करणे’ हे वाचल्यावर ते पुसवेना. मी आस्थापनेच्या कारकुनाकडून काकांचा पत्ता घेतला आणि बुधवारी दुपारी त्यांच्याकडे गेले.

दार उघडलं ते त्यांच्या थोरल्या बहिणीने. काकांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यानंतर अक्का त्यांच्याकडे राहायला आल्या होत्या, एवढं मला ठाऊक होतं. पण आमची भेट कधी झाली नव्हती.

"मी वाचनालयातून आले," मी म्हटलं.

अक्कांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "म्हणजे फोन करणार होती, ती तू?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"ये. चप्पल तिथे काढ. रिटायर झाल्यावर दोन वर्षं त्याने ते तारेचं डबडं काढू दिलं नाही. मी म्हटलं, अरे, सगळ्यांच्या खिशात फोन आले, आता याचं काय लोणचं घालायचंय? तर म्हणे, राहू दे, ऑफिसात हाच नंबर लिहून ठेवलाय." मग आत तोंड करून त्यांनी आवाज दिला, "अरे, आली बघ! नऊ वर्षांनी आली, पण आली!"

काका आतल्या खोलीत शिवणाच्या मशीनवर बसले होते. बायकोचं मशीन. जुन्या पडद्यांच्या पिशव्या शिवत होते. आजूबाजूला कापडाचे तुकडे, खडू, कात्री, आणि खुंटीवर ओळीने टांगलेल्या सात-आठ पिशव्या. केस पांढरे झाले होते, चष्म्याची काच जाड झाली होती. त्यांनी पंजा वर केला.

"थांब. एवढी शिवण संपू दे."

मी थांबले. शिवण संपली. त्यांनी दोरा तोडला, चष्मा पुसला आणि माझ्याकडे बघून हसले. "जाड झालीस."

"काका, ती जिन्याखालची पेटी," मी बसायच्या आधीच बोलून टाकलं, "मी ती भंगारात दिली."

"केव्हा?"

"दोन महिने झाले."

"तोपर्यंत चालू होती?"

"हो."

"आपोआप?"

"कुणी हातसुद्धा लावला नाही."

"म्हणजे नऊ वर्षं!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "अक्का, ऐकलंस का? नऊ वर्षं!" दहावीचा निकाल ऐकावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. "पंखा वाजत होता का गं?"

"माहीत नाही. मी कधी ऐकलाच नाही."

"मग वाजत नसणार. वाजला असता तर कुणीतरी शिव्या देत आलं असतं."

मी म्हटलं, "शेवटच्या दिवशी तुम्ही मला दाखवणार होतात."

"हो. त्या दिवशी तुझी नवी मशीन आली होती. खोकी फोडत होतीस. आठ खोकी. कपाळाला पुठ्ठ्याची धूळ लागली होती."

"मी म्हटलं, नंतर दाखवा. मी फोन करते."

"म्हणालीस."

अक्का दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या.

"वाईट वाटलं असेल तुम्हाला," मी म्हटलं.

काकांनी बॉबिन काढली, बोटांत फिरवली. "पहिले काही महिने वाटलं. मग म्हटलं, ज्याच्यासाठी फोन येत नाही ते मशीन धडधाकट. माझाच नियम तो. आता वाटतं, मशीनचा नियम माणसाला लावायला नको होता. मीही करू शकत होतो ना फोन? मला तर तुमचा नंबर पाठ होता." त्यांनी तो घडाघडा म्हणूनही दाखवला. बरोबर होता. "मीही केला नाही. म्हटलं, नव्या माणसाच्या कामात म्हाताऱ्याने नाक कशाला खुपसा. नुसता हट्ट."

चहा आला. मी त्यांना सगळं सांगितलं. मुदत वाढवल्याचंही. तेव्हा ते इतके हसले, की बशीत चहा सांडला.

"पिशवी अडकवलेली खुर्ची!" ते म्हणाले. "शिकवून काही उपयोग झाला नाही म्हणायचा!"

मी म्हटलं, "दुसरी पेटी उभी करून देते, काका. त्याच जागी, त्याच नंबरवर."

"कशाला?"

"तुमची होती."

"अगं, तेव्हा नळाला करंगळीएवढी धार होती, म्हणून टाकी बांधली. आता चोवीस तास पाणी आहे, तर टाकीचं काय करायचंय? ती ओळ काढून टाक. मशीनना थेट बाहेर जाऊ दे." मग जरा थांबून म्हणाले, "पण मी येतो. नवी आवृत्ती मी अजून पाहिली नाही."

गुरुवारी सकाळी दहाला ते आले. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला हिरव्या पडद्याची पिशवी. ग्रंथपालबाई काउंटरच्या मागून बाहेर आल्या. मी त्यांना काउंटरच्या बाहेर आलेलं फारसं पाहिलेलं नव्हतं.

"तो मुलगा कसा आहे तुमचा?" काकांनी विचारलं. "ताप आला होता तो."

"त्याला आता मुलगी आहे," बाई म्हणाल्या. "तिलाही सारखा ताप येतो."

आम्ही पहिल्या मशीनपाशी बसलो. मी फाइल उघडली. काकांनी आपल्याच दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले, "किती आगाऊपणे लिहिलंय. ‘करणे’ काय, ‘करणे’!" मी पत्त्याची ओळ काढली. वरच्या दोन ओळी ठेवल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पट्टी शून्यावर उभी होती. मग एक झाली, तीन झाली. मी टाळी वाजवली आणि वाचनकक्षातून कुणीतरी "शूऽऽ" केलं.

मग मी अतिउत्साहाने उरलेल्या तेरा मशीनचीही ओळ काढली आणि सगळ्यांवर एकदम अपडेट सोडलं. दहा मिनिटं बरं चाललं. मग एकापाठोपाठ एक पट्ट्या अडखळल्या, आणि पाच मशीनवर तेच वाक्य उमटलं. नेटवर्क टाइमआउट. माझा चेहरा उतरला.

काका मात्र खूश. "हा कुठला प्रकार?"

मी जरा विचार केला. बाहेरून सामान येत होतं, हे दिसत होतं. पण चौदा जण एकाच दारातून घुसत होते. "दुसरा," मी म्हटलं. "कारकून येतोय, पण गर्दीतून."

"मग?"

"मुदत थोडी वाढवते. आणि चार-चारच्या रांगा करते."

"जमतंय तुला," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी बावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

चार, चार, चार आणि दोन. मधल्या वेळात ते खोलीभर फिरले, तारा पाहिल्या, एक सैल झालेली तार घट्ट खोचली. जिन्याखालची खोलीही पाहून आले. तिथे आता घडीच्या खुर्च्या ठेवल्या आहेत. "रंग बरा दिलाय," एवढंच म्हणाले. साडेचार वाजता चौदावं मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं आणि नवा पडदा उजळला. काका कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत होते. "घड्याळ कोपऱ्यात होतं ते मधोमध का नेलं? काही अडलं होतं का?" ग्रंथपालबाई आल्या, नव्या पडद्यावर एका सभासदाचं पुस्तक जमा करून पाहिलं, आणि वह्यांचा गठ्ठा उचलून पुन्हा कपाटात ठेवला.

अक्कांचा फोन आलाच होता. "नेलंस ना त्याला? आता आणूनही सोड. आणि खाऊन जायचं, सांगून ठेवते." मी काकांना स्कूटरवर मागे बसवलं. ऊन उतरलं होतं, रस्त्यावर शाळेतून परतणाऱ्या मुलांची गर्दी होती. चौकात लाल दिव्यापाशी थांबलो तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "आई कशी आहे तुझी?"

"गेली, काका. चार वर्षं झाली."

दिवा हिरवा झाला. मागच्याने हॉर्न वाजवला. मी निघाले. घर आलं. उतरल्यावर काका फाटकाची कडी धरून उभे राहिले.

"मला कळवायचंस गं."

"हो," मी म्हटलं. "कळवायला हवं होतं."

"ती एकदा आली होती वाचनालयात. तू पाणीपुरवठ्याच्या दिशेला कुठेतरी गेली होतीस. तूच पाठवलंस म्हणाली, पण खोटं बोलत होती. नुसती बघायला आली होती. म्हणाली, मुलगी घरी येऊन दिवसभर तारांचं सांगते, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. ती करते काय नेमकं?"

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आई कधी बोलली नव्हती.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी सांगण्यापेक्षा तिला मशीनवर बसवलं. म्हटलं, स्वतःचं नाव लिहा. एका बोटाने लिहिलं तिने. एक-एक अक्षर शोधत. पाच मिनिटं लागली असतील. मग म्हणाली, हे कागदावर मिळेल का? मी छापून दिलं. तिने चार घड्या केल्या आणि पर्समध्ये ठेवलं. आणि म्हणाली, तिला सांगू नका, ती हसेल."

आईची कपाटं मीच आवरली होती. असा कागद मला कुठे सापडला नव्हता. पण मी तो शोधतही नव्हते. मी तिथे फाटकापाशी उभी राहिले, आणि आईचं ते एक बोट मला स्पष्ट दिसायला लागलं, सुईत दोरा ओवताना ती जीभ जराशी बाहेर काढायची तशी बाहेर आलेली जीभही.

"मी हसले नसते," मी म्हटलं.

"नसतीस," काका म्हणाले. "पण तेवीस वर्षांची होतीस. सांगता येत नाही."

आतून अक्का ओरडल्या, "अरे, दारातच काय उभे राहिलात दोघं? बशा भरल्यात, गार होतंय!"

आम्ही आत गेलो.